भुकेला मिळालेली प्रतिष्ठा : ‘द ब्यूटी मिथ’ आणि आहारविकारांची सांस्कृतिक मीमांसा

प्रस्तावना

समाजाने ठरविलेल्या सौंदर्याच्या निकषांमुळे तरुण मुली उपाशी राहतात आणि त्यातून आहारविकार उद्भवतात, हे विधान आज सर्वपरिचित झाले आहे. परिसंवादांतून, उत्तरपत्रिकांतून आणि वृत्तपत्रीय लेखांतून ते सिद्ध सत्याप्रमाणे मांडले जाते. या विधानाला वैचारिक क्षेत्रात व्यापक मान्यता मिळवून देणाऱ्या ग्रंथांमध्ये नाओमी वुल्फ या अमेरिकन लेखिकेच्या ‘द ब्यूटी मिथ’ या ग्रंथाचा क्रम वरचा लागतो. हा ग्रंथ १९९० मध्ये इंग्लंडमध्ये व १९९१ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झाला. सुझी ऑर्बाख यांचे ‘फॅट इज अ फेमिनिस्ट इश्यू’ हे पुस्तक १९७८ मध्येच आले होते, तर सुझन बोर्डो यांचा ‘अनबेअरेबल वेट’ हा अधिक तात्त्विक ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि सामान्य वाचकापर्यंत हा विचार पोहोचविण्याचे श्रेय बव्हंशी वुल्फ यांच्याकडे जाते.

प्रस्तुत लेखात या ग्रंथातील, विशेषतः त्यातील ‘भूक’ या विषयावरील प्रकरणातील प्रतिपादनाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. सौंदर्याचा निकष आणि आहारविकार यांचा संबंध आहे काय, एवढाच प्रश्न येथे विचारलेला नाही. तो संबंध नेमक्या कोणत्या स्वरूपाचा आहे, हा खरा प्रश्न आहे. कार्यकारणभावाची ढोबळ मांडणी केल्यास आजारी व्यक्ती ओळखण्यातच चूक होते आणि ही चूक जिवावर बेतणारी असते. म्हणून हा विषय केवळ सैद्धांतिक राहत नाही.

विकारांचे स्वरूप

अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा ही संज्ञा सर विल्यम गल या इंग्लिश वैद्याने १८७३ मध्ये रूढ केली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये शार्ल लासेग यांनीही अशाच रुग्णांचे वर्णन केले. या विकारात रुग्ण आहार अत्यंत मर्यादित करतो, वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि तरीही त्याचे गांभीर्य रुग्णाला जाणवत नाही. बुलिमिया नर्व्होसाचे वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले. त्यात अनावर खाणे आणि नंतर त्याची भरपाई करण्याची धडपड यांचे चक्र असते. भरपाईचा प्रयत्न न होता वारंवार अनावर खाणे घडते, त्या तिसऱ्या विकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१३ मध्ये, स्वतंत्र स्थान मिळाले.

हे विकार म्हणजे श्रीमंताघरची खुळे नव्हेत. अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांमधील मृत्यूंचे प्रमाण त्याच वयाच्या इतर लोकांच्या तुलनेत पाच ते सहा पट असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले. त्या मृत्यूंपैकी सुमारे एकपंचमांश आत्महत्या होत्या. मानसिक विकारांमध्ये इतका प्राणघातक विकार क्वचितच आढळतो.

ग्रंथातील प्रतिपादन

वुल्फ यांची मांडणी थोडक्यात अशी आहे. स्त्रियांना शिक्षण, मालमत्ता, मतदान आणि नोकरी यांचे हक्क मिळू लागले, तसतशी त्यांना घरात बांधून ठेवणारी जुनी बंधने सैल झाली. त्या बंधनांची जागा सौंदर्याच्या निकषाने घेतली. स्त्री बाहेर पडली. परंतु आपण कशा दिसतो या चिंतेचे ओझे घेऊनच ती बाहेर पडली. ही चिंता टिकून राहण्यात आहारनियंत्रणाची उत्पादने, सौंदर्यप्रसाधने आणि सौंदर्यशस्त्रक्रिया या व्यवसायांचे हितसंबंध गुंतलेले आहेत. स्त्रियांची नियतकालिकेही या व्यवसायांच्या जाहिरातींवरच चालतात. कृशतेच्या आग्रहामागे देखणेपणाची ओढ असल्याचे वरवर वाटते. वुल्फ यांच्या मते त्यामागे स्त्रीला वश ठेवण्याची गरज आहे. ज्या व्यक्तीचे सारे लक्ष आपण किती खाल्ले याकडे लागलेले असते, तिच्यापाशी हक्क मागण्याचे बळ उरत नाही, असा हा युक्तिवाद आहे. स्वतःच्या किशोरवयातील आजाराचे वर्णनही लेखिकेने या प्रकरणात केले आहे आणि ते ग्रंथातील सर्वांत प्रत्ययकारी भागांपैकी एक आहे.

या मांडणीचे मोठे बळ एका साध्या प्रश्नात आहे : या असमाधानाचा लाभ कोणाला होतो? तोपर्यंत कृशतेची ओढ हा मुलींचा उथळपणा किंवा आयांच्या संगोपनाचा दोष मानला जाई. हिल्डे ब्रुख यांच्यासारख्या थोर चिकित्सकांनी १९७०च्या दशकात रुग्णाच्या अंतर्मनाचा आणि कुटुंबाचा सूक्ष्म वेध घेतला होता. परंतु बाजारपेठेचा विचार त्यात दुय्यम होता. वुल्फ यांनी हा प्रश्न खाजगी दिवाणखान्यातून सार्वजनिक चर्चेत आणला. ही त्यांची कामगिरी निःसंशय मोलाची आहे.

एका आकड्याचा प्रवास

तथापि या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत एक गंभीर चूक होती. अमेरिकेत दरवर्षी दीड लाख स्त्रिया अ‍ॅनोरेक्सियाने मरण पावतात, असे त्यात म्हटले होते. जोन जेकब्स ब्रुम्बर्ग यांच्या ‘फास्टिंग गर्ल्स’ या १९८८ मधील इतिहासग्रंथातून हा आकडा आल्याचे क्रिस्टिना हॉफ समर्स यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. त्याचा मूळ संदर्भ या विकाराने पीडित असलेल्यांच्या संख्येशी होता. पीडितांचा आकडा मृतांचा आकडा होऊन बसला. पुढील आवृत्तीत वुल्फ यांनी ही चूक दुरुस्त केली. पण तोवर तो आकडा इतर पुस्तकांतून आणि लेखांतून प्रसृत झाला होता. (याच लेखिकेच्या ‘आउटरेजेस’ या ग्रंथातही २०१९ मध्ये जुन्या ब्रिटिश न्यायालयीन संज्ञेचा चुकीचा अर्थ लावल्याचे उघडकीस आले आणि अमेरिकन प्रकाशकाने त्याचे प्रकाशन रद्द केले.)

ही चूक केवळ तपशिलाची म्हणून सोडून देता येत नाही, तसेच तिच्या आधारे संपूर्ण ग्रंथ निकालात काढणेही न्याय्य नाही. समर्स यांच्या टीकेचा पुढे असा उपयोग झाला की आकडा खोटा, म्हणून दुःखही खोटे. वस्तुतः ज्या विकाराने मरणाऱ्यांची संख्या दीड लाख नाही, तो विकार त्यामुळे सौम्य ठरत नाही. परंतु एवढा अवाढव्य आकडा लेखिकेला आणि तिच्या वाचकांना खटकला कसा नाही, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर सिद्धांतातच सापडते. निकष सर्व स्त्रियांना लागू आहे आणि निकषच रोगाचे कारण आहे, असे एकदा गृहीत धरले की रुग्णांची संख्या प्रचंड असायलाच हवी. सिद्धांताला आकड्याची गरज होती. म्हणून आकडा तपासला गेला नाही.

फिजीतील पुरावा

वुल्फ यांच्या प्रतिपादनाला सर्वांत भक्कम आधार देणारे संशोधन त्यांच्या ग्रंथानंतर झाले. अ‍ॅन बेकर या मानवशास्त्रज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ विदुषी पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर अनेक वर्षे अभ्यास करीत होत्या. तेथील परंपरेत धष्टपुष्ट देह हे स्वास्थ्याचे आणि नातलगांनी घेतलेल्या काळजीचे लक्षण मानले जाई. भूक मंदावली तर घरचे लोक चिंतित होत. नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये दूरदर्शन संच आले. त्याच सुमारास बेकर यांनी शाळकरी मुलींची एक पाहणी केली आणि तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, तशीच दुसरी पाहणी केली. आहारविषयक मनोवृत्तीच्या प्रश्नावलीत चिंताजनक गुण मिळविणाऱ्या मुलींचे प्रमाण या काळात १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ओकारी काढणाऱ्या मुली पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या. दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण ११.३ टक्के होते. आपण फार जाड आहोत असे कधीतरी वाटते, हे दुसऱ्या पाहणीतील ७४ टक्के मुलींनी सांगितले. हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

या अभ्यासाच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. दोन्ही पाहण्यांतील मुली वेगवेगळ्या होत्या, त्यांची संख्या प्रत्येक वेळी साठ-पासष्टच्या आसपास होती आणि प्रश्नावलीतील गुण म्हणजे निदान नव्हे. तरीही प्रतिमांचा प्रभाव इतक्या थोड्या काळात वर्तनात उतरू शकतो, हे येथे स्पष्ट दिसते. याहून लक्षणीय बाब मुलींच्या मुलाखतींतून पुढे आली. पडद्यावरील सडपातळ स्त्रिया त्यांना केवळ सुंदर वाटत नव्हत्या. त्या यशस्वी वाटत होत्या. बदलत्या समाजात नोकरी आणि प्रतिष्ठा मिळवायची तर देहही तसा घडविला पाहिजे, अशी त्यांची धारणा झाली होती. म्हणजे निकष जेव्हा जीवनात वर चढण्याची शिडी होऊन येतो, तेव्हा त्याची पकड सर्वाधिक असते. वुल्फ यांनी निकषाकडे शिक्षा म्हणून पाहिले. फिजीतील मुलींना तो आश्वासन वाटला.

निकष सर्वांना, विकार काहींनाच

येथे सांस्कृतिक मीमांसेपुढील मुख्य अडचण उभी राहते. एकाच वर्गात बसणाऱ्या, तीच मासिके चाळणाऱ्या आणि तेच चित्रपट पाहणाऱ्या शंभर मुलींपैकी बहुतेकींना आपल्या देहाबद्दल थोडीफार खंत वाटते. पण अ‍ॅनोरेक्सिया होतो तो एखादीलाच. केवळ निकषाने हा फरक स्पष्ट होत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले आहे. ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास करण्यात आला आणि विकाराशी निगडित आठ जनुकीय स्थाने निश्चित करण्यात आली. त्यांचा संबंध मनोविकारांशी जसा होता, तसा शरीरातील चयापचयाशीही होता.

दुसरा पुरावा जुना आहे आणि तो सौंदर्याशी सुतराम संबंध नसलेल्या ठिकाणचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अ‍ॅन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. सदसद्विवेकाला स्मरून युद्धसेवा नाकारलेले हे तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले होते. सहा महिने अपुऱ्या आहारावर राहिल्याने त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. याच काळात त्यांच्या मनाचा जणू अन्नाने ताबा घेतला. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, ताटातील घास तासन्‌तास पुरवून खाऊ लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. प्रयोग संपल्यावर काहींना खाणे आवरेना. कृश दिसण्याची इच्छा यांपैकी कोणालाही नव्हती. तरीही आहारविकाराची कितीतरी लक्षणे त्यांच्यात दिसली, कारण ती उपासमारीचीच लक्षणे होती.

या दोन पुराव्यांचा वुल्फ यांच्या मांडणीशी मेळ घातला, तर एक अधिक काटेकोर चित्र हाती येते. निकष असंख्य मुलींना अन्न कमी करण्यास प्रवृत्त करतो. त्यांपैकी बहुतेकी काही दिवसांत पूर्ववत होतात. काहींच्या शरीरात मात्र उपासमार एकदा सुरू झाली की ती स्वतःच स्वतःला पोसू लागते, आणि मग मूळ हेतू मागे पडतो. म्हणजे निकष हे अनेकदा निमित्त असते. परंतु निमित्त म्हणून त्याचे महत्त्व कमी होत नाही, कारण तो आणखी एक कार्य करतो. तो उपासमारीला प्रतिष्ठा मिळवून देतो. ताप आलेल्या मुलीला कोणी शाबासकी देत नाही. जेवण सोडलेल्या मुलीला मात्र आरंभीचे कित्येक आठवडे कौतुकच ऐकू येते. रोगाच्या पहिल्या टप्प्यावर समाज टाळ्या वाजवतो, असे या विकाराइतके अन्यत्र क्वचितच घडत असेल. सौंदर्याच्या निकषाचा खरा अपराध या ठिकाणी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

स्थूलतेच्या भयाविना उपासमार

प्रतिष्ठेची ही कल्पना स्वीकारली की वुल्फ यांच्या चौकटीत न बसणारे रुग्णही समजू लागतात. हाँगकाँगमधील मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९३ मध्ये ७० चिनी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४१ जणांमध्ये, म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये, जाड होण्याचे भय आजारपणाच्या कोणत्याही टप्प्यावर आढळले नाही. पोट फुगते, भूक नाही, खावेसे वाटत नाही, अशी कारणे ते सांगत. दिल्लीतील मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये पाच भारतीय तरुणींचे वृत्तांत प्रसिद्ध केले. अन्न नाकारणे, ओकाऱ्या, वजनातील मोठी घट आणि पाळी बंद होणे ही लक्षणे त्यांच्यात होती. मात्र देहप्रतिमेविषयीचा ठरावीक भ्रम त्यांच्यात नव्हता. २०१३ च्या निदानसंहितेने या बाबतीत काहीशी लवचीकता आणली. स्थूलतेचे भय रुग्णाने बोलून दाखविलेच पाहिजे, असे बंधन आता नाही. वजन वाढू न देणारे सातत्याचे वर्तनही पुरेसे मानले जाते. पाळी बंद होण्याची अटही तेव्हाच वगळण्यात आली.

इतिहासाची साक्षही अशीच आहे. सिएनाची संत कॅथरीन १३८० मध्ये वयाच्या ३३व्या वर्षी निधन पावली, तेव्हा तिचा आहार जवळजवळ सुटलेला होता. तिच्या काळी या उपवासाला ईश्वरभक्तीची प्रतिष्ठा होती. रुडॉल्फ बेल यांनी १९८५ मध्ये अशा संत स्त्रियांच्या उपवासाला ‘पवित्र अ‍ॅनोरेक्सिया’ म्हटले. तर कॅरोलिन वॉकर बायनम यांनी १९८७ मध्ये, त्या उपवासाचा अर्थ त्या काळाच्या धर्मभावनेतच शोधला पाहिजे, असे बजावले. ब्रुम्बर्ग यांनी याच प्रश्नाचा इतिहास लिहिताना संतत्वाकडून रोगाकडे झालेला प्रवास मांडला. वुल्फ यांनी ब्रुम्बर्ग यांच्या ग्रंथातून आकडा घेतला, परंतु हा इतिहास पुरेसा घेतला नाही. तो घेतला असता, तर उपाशी स्त्रीदेहाला प्रत्येक समाज आपापल्या मूल्यांची भाषा देतो, हे त्यांच्या प्रतिपादनात आले असते.

मराठी समाजातील देह आणि उपवास

आपल्या समाजाकडे या दृष्टीने पाहिले असता दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात. पहिला प्रवाह बदलत्या निकषाचा आहे. कृश कटीची वाखाणणी संस्कृत काव्यातही आहे; त्यामुळे कृशतेची सारी आवड पश्चिमेकडून आली, असे म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु त्या काव्यातील नायिकेचा उर्वरित देह भरीव असे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछाप कारखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीपासून दमयंती-शकुंतलेपर्यंतच्या प्रतिमा घरोघरी पोहोचविल्या. त्या स्त्रिया अंगाने भरलेल्या आहेत. आपल्या बोलीनेही ही दृष्टी जपून ठेवली आहे. नवविवाहितेचे अंग भरले की ‘लग्न मानवले’ असे म्हणतात. मूल बाळसे धरते. कृश माणसाला ‘वाळून काडी झाला’ असे म्हणताना सुरात काळजी असते.

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने आणि उपग्रह वाहिन्यांनी हा सूर बदलला. १९९४ मध्ये सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांना एकाच वर्षी जागतिक सौंदर्यस्पर्धांचे मुकुट मिळाले आणि मध्यमवर्गीय घरांत सौंदर्य हा करिअरचा एक मार्ग म्हणून प्रथमच उघडपणे बोलला जाऊ लागला. २००८ मध्ये ‘टशन’ या चित्रपटाच्या निमित्ताने ‘झीरो फिगर’ हा शब्द लहान शहरांतील महाविद्यालयांपर्यंत पोहोचला. विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ’ ही विशेषणे जोडीने येतात, हे तर आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. फिजीप्रमाणेच येथेही हा निकष आश्वासन म्हणून आला : नोकरीचे, चांगल्या स्थळाचे, शहराचे.

दुसरा प्रवाह जुना आहे. संकष्टी, एकादशी, हरतालिका, सोळा सोमवार यांच्या निमित्ताने उपवास करणे हा अनेक स्त्रियांच्या जीवनाचा सहज भाग आहे. उपवास म्हणजे विकार नव्हे; बहुसंख्य स्त्रिया तो श्रद्धेने करतात आणि सोडतात. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण तर उपवासाकडे पाहण्याची आपली मिश्किल दृष्टीच दाखवते. परंतु सर्वांचे झाल्यावर मागच्या पंगतीला बसणारी, उरलेसुरले खाऊन तृप्ती दाखविणारी स्त्री आपल्याकडे आदर्श मानली गेली, हे नाकारता येत नाही. भूक आवरणे हा स्त्रीचा गुण ठरला. अशा समाजात एखाद्या मुलीने आठवड्यातील चार दिवस उपवास धरले, तर घरातील वडीलधाऱ्यांना त्यात वावगे वाटत नाही. ती ‘जेवण जात नाही’, ‘पित्त होते’, ‘पोट गच्च वाटते’ असे म्हणते आणि तिच्यावर पित्ताचे उपचार होत राहतात. ती कधीही ‘मला बारीक व्हायचे आहे’ असे म्हणत नाही. इंग्रजी ग्रंथ वाचून तयार झालेल्या आपल्या प्रश्नावलीतून अशी मुलगी निसटते.

याला दारिद्र्याचीही एक बाजू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश, तर २४ टक्के स्त्रिया अतिरिक्त वजनाच्या आढळल्या. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ५७ टक्के होते. जेथे अन्नाअभावी येणारी कृशता आणि अन्न नाकारून येणारी कृशता एकाच वर्गात शेजारी बसतात, तेथे एकीवर दुसरीचा पडदा पडतो. वुल्फ यांच्या ग्रंथातील स्त्री प्रामुख्याने अन्नाची ददात नसलेल्या समाजातील आहे. तिच्यावरून काढलेले निष्कर्ष आपल्या विद्यार्थिनींना जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

ग्रंथाच्या अन्य मर्यादा

स्त्रियांना वश ठेवण्याचे साधन म्हणून निकषाकडे पाहिल्यामुळे पुरुषांमधील आहारविकार या ग्रंथाच्या कक्षेबाहेरच राहतात. पोप, फिलिप्स आणि ऑलिव्हार्डिया या लेखकांनी २००० मध्ये ‘द अ‍ॅडोनिस कॉम्प्लेक्स’ या ग्रंथात पिळदार देहाच्या ध्यासाने ग्रासलेल्या तरुणांचा विचार केला. व्यायामशाळेत तासन्‌तास घालवणारा आणि जेवणाचे ताट पदार्थाच्या घटकांत मोजणारा मुलगा आपल्याकडेही आता अपवाद राहिलेला नाही. त्यालाही ‘मेहनती’ म्हणून कौतुकच लाभते.

उपायांच्या बाबतीत वुल्फ यांचा भर स्त्रियांच्या जागृतीवर आणि परस्परांतील ऐक्यावर आहे. पुढील काळात काही देशांनी कायद्याचा मार्ग पत्करला. २००६ मध्ये अ‍ॅना कॅरोलिना रेस्टन या २१ वर्षांच्या ब्राझीलच्या मॉडेलचा अ‍ॅनोरेक्सियाने मृत्यू झाला. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन सोहळ्याने अतिकृश मॉडेलना प्रवेश नाकारला होता. इस्राएलने २०१२ मध्ये आणि फ्रान्सने २०१५ मध्ये मॉडेलच्या प्रकृतीविषयी व फेरफार केलेल्या छायाचित्रांविषयी कायदे संमत केले. फ्रान्समधील तरतुदी २०१७ मध्ये अमलात आल्या. हे उपाय काम करणाऱ्या मुलींच्या संरक्षणासाठी आवश्यकच होते. मात्र आज प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनीवर स्वतःचा चेहरा आणि बांधा बदलून दाखविणारी साधने आली आहेत. जाहिरातदारापुरता मर्यादित असलेला कायदा तेथे तोकडा पडतो.

समारोप

‘द ब्यूटी मिथ’ हा ग्रंथ आजही वाचला पाहिजे. परंतु तो रोगनिदानाचा ग्रंथ म्हणून न वाचता सामाजिक हितसंबंधांची चिकित्सा म्हणून वाचावा, हे या विवेचनाचे तात्पर्य आहे. सौंदर्याचा निकष एकटा आहारविकार निर्माण करीत नाही. तो उपासमारीला सुरुवात करून देतो आणि तिला गौरवाचे वस्त्र पांघरतो. आपल्या समाजात हे वस्त्र कधी ‘फिगर’चे असते, कधी उपवासाचे, तर कधी त्यागाचे. वस्त्र कोणतेही असो, आतील देह त्याच गतीने क्षीण होत असतो.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने यातून काही व्यावहारिक कर्तव्ये निष्पन्न होतात. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे निरुपद्रवी वाटणारे वाक्य आपण टाळू शकतो. वसतिगृहाच्या भोजनगृहातून सातत्याने अनुपस्थित राहणारी, प्रात्यक्षिकाच्या वेळी भोवळ येणारी, उन्हाळ्यातही थंडी वाजते म्हणणारी, मैत्रिणींपासून दूर होत गेलेली विद्यार्थिनी दिसली, तर ती जाड होण्यास भिते की नाही, याची वाट न पाहता तिच्याशी एकांतात बोलले पाहिजे. केवळ समुपदेशन पुरेसे नसते. उपासमारीचे परिणाम हृदयावर व रक्तातील क्षारांवर होत असल्याने वैद्यकीय तपासणी आणि मानसोपचार दोन्ही एकाच वेळी आवश्यक असतात. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक विभागाच्या सूचनाफलकावर लावणे सहज शक्य आहे. पालकांशी बोलताना मुलीच्या श्रद्धेवर किंवा तिच्या दिसण्याच्या हौसेवर बोट ठेवण्याचे कारण नाही. ती किती दिवसांपासून नीट जेवलेली नाही, एवढेच विचारावे. या प्रश्नाचे उत्तर बहुधा आईला ठाऊक असते. ते तिला आजवर कोणी विचारलेले नसते.